चपळ गाडी आणि बीडचे रस्ते

बीड जिल्ह्यात गाडीचा रुबाब उंचीवर मोजतात. लग्नाच्या मांडवापुढे, बाजार समितीच्या आवारात, प्रचाराच्या ताफ्यात मान असतो तो स्कॉर्पिओ, थार आणि फॉर्च्युनरला. यात नुसता मिरवण्याचा भाग नाही. वस्तीवरचा रस्ता, पावसाळ्यात चाकाला चिकटणारी काळी माती आणि रंग न मारलेले गतिरोधक पाहिले की उंच गाडी घेणे शहाणपणाचेच वाटते. तरीही अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातला तरुण डॉक्टर, परळीच्या औष्णिक केंद्रातला अभियंता, पुण्याला नोकरी करून शनिवारी गाव गाठणारा आष्टी-पाटोद्याचा मुलगा, यांच्यातल्या काहींना गाडी दाखवायला नको असते, चालवायला हवी असते. वळणावर डोलणार नाही, गिअर टाकताच उसळी घेईल आणि दहा-बारा लाखांत बसेल अशी. अशा गिऱ्हाइकापुढे आज काय काय आहे आणि पाच वर्षांत ते कितीला पडते, ते इथे पाहू. माझे मत आधीच सांगून टाकतो. या शौकात पेट्रोलचा बागुलबुवा उगाच मोठा केला जातो, आणि घसारा, टायर व कार्यशाळेचे अंतर या तीन गोष्टींकडे कोणी ढुंकून बघत नाही.

जिल्ह्याचा भूगोल चपळ गाडीला साजेसा आहे, हे ऐकून काहींना नवल वाटेल. बालाघाटची रांग जिल्ह्यातून आडवी गेली आहे. धुळे-सोलापूर महामार्ग गेवराई, बीड करत मांजरसुंब्याला घाट चढतो आणि चौसाळ्याकडे निघतो. मांजरसुंब्याहूनच एक रस्ता केजमार्गे अंबाजोगाईला जातो, दुसरा पाटोद्यावरून जामखेडकडे. गेल्या दहा वर्षांत यातले बरेच पट्टे रुंद झाले, काही सिमेंटचे झाले. धारूरचा घाट मात्र अजून जुन्या वळणाचाच, अरुंद आणि नागमोडी. समोरून मालट्रक आला की दोघांनीही श्वास रोखून धरायचा. केंद्राने २०१८ साली ठरवलेली कमाल वेगमर्यादा चौपदरी रस्त्यावर ताशी १०० आणि इतर रस्त्यांवर ७० किलोमीटर आहे. म्हणजे दोनशेचा काटा असलेली गाडी इथे घेऊन उपयोग काय? खरी मजा चाळीस ते ऐंशीच्या वेगात, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, चढावरच्या वळणातून बाहेर पडताना येते. त्यासाठी अश्वशक्तीपेक्षा गाडीचा हलकेपणा जास्त कामाला येतो.

स्विफ्ट सव्वानऊशे किलोच्या आसपास भरते, स्कॉर्पिओ जवळपास दुप्पट. स्कॉर्पिओचे इंजिन ताकदवान आहे, पण ती ताकद स्वतःचाच देह ओढण्यात खर्ची पडते, आणि उंचीमुळे वळणावर अंग कलते ते वेगळेच.

आता थोडा इतिहास. महाराष्ट्राचा या प्रकारच्या गाड्यांशी संबंध घनिष्ठ आहे, पण तो सुखाचा नाही. बीडपासून साधारण सव्वाशे किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात स्कोडाची ऑक्टाव्हिया २००१ पासून जुळू लागली, आणि २००४ मध्ये तिची टर्बो पेट्रोल आरएस आवृत्ती आली. भारतात कारखान्यातूनच वेगासाठी बनून आलेल्या पहिल्या गाड्यांत ती मोडते. फोक्सवॅगनची पोलो चाकणला बनायची. २०१३ च्या जीटी टीएसआयने १०५ अश्वशक्तीची छोटी गाडी काय करू शकते ते दाखवले, आणि २०२२ मध्ये पोलोच बंद झाली. फियाटने रांजणगावातून २०१५ साली १४५ अश्वशक्तीची पुंटो अबार्थ काढली. पाच वर्षांत फियाटचाच इथला मुक्काम हलला. टाटांनी कोइंबतूरच्या जयेम कंपनीसोबत २०१८ मध्ये ११४ अश्वशक्तीची टियागो जेटीपी आणली, ती २०२० च्या प्रदूषण निकषांत गेली. मारुतीची बलेनो आरएस २०१७ ची, तिचीही तीच गत. चाकण, रांजणगाव, शेंद्रा इथल्या कारखान्यांत मराठवाड्याची किती तरी पोरे कामाला आहेत. हातून अशा गाड्या गेल्या, पण त्या घरी घेऊन जावे असे फार थोड्यांना वाटले. शोरूममध्ये पहिला प्रश्न ‘अॅव्हरेज किती देते?’ हाच असतो, आणि कंपन्यांनी तो प्रश्न नीट ऐकला.

म्हणून आजची यादी आखूड आहे. त्यात सरकारच्या फूटपट्टीनेही हात दिला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा आखूड आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी लागतो, डिझेलला हीच सवलत १५०० सीसीपर्यंत आहे. त्यापुढच्या गाड्यांना ४० टक्के. यातून काही गमती घडल्या. मारुतीची जिम्नी लांबीला चार मीटरच्या आत, पण इंजिन १४६२ सीसीचे, म्हणून तिला ४० टक्के. तीन दारांच्या थारचे १५०० सीसीचे डिझेल इंजिन १८ टक्क्यांत आणि तिचेच दोन लिटरचे पेट्रोल ४० टक्क्यांत. लहान टर्बो गाड्यांच्या मात्र हे पथ्यावर पडले, कारण छोट्या इंजिनातून मोठे काम काढणे हाच त्यांचा धंदा.

स्विफ्टपासून सुरुवात करू. २०२४ च्या नव्या अवतारात तिला तीन सिलिंडरचे १२०० सीसीचे इंजिन मिळाले. ८२ अश्वशक्ती, कागदावर लिटरला २४.८ किलोमीटर, आणि सहा एअरबॅग सगळ्या आवृत्त्यांत. आधीचे चार सिलिंडरचे इंजिन ९० अश्वशक्तीचे होते आणि वरच्या फेऱ्यांत त्याचा आवाज गोड होता. नव्यात अॅव्हरेज वाढले, गाणे कमी झाले. तरीही स्टिअरिंग वळवताच नाक वळते, आणि माजलगावापासून आष्टीपर्यंत कुठल्याही गॅरेजात तिची कामे होतात. कमी पैशांत मजा हवी असेल तर आजही पहिली शिफारस हीच.

ह्युंदाईची आय-२० एन लाइन या यादीतली खरी खेळाडू. ९९८ सीसीचे टर्बो, १२० अश्वशक्ती, १७२ न्यूटन मीटर टॉर्क, २०२३ पासून सहा गिअरांची मॅन्युअल पेटी, साध्या आय-२० पेक्षा कडक सस्पेन्शन. घाटात तिला तोड नाही. पण तिचे टायर १९५/५५ आर १६ चे. रबराची भिंत बुटकी, त्यामुळे सिमेंट रस्त्याच्या उखडलेल्या सांध्यावर किंवा पुलाच्या तोंडाशी असलेल्या खड्ड्यात जोरात आदळली की टायरला फुगा येतो, नाहीतर रिम वाकते. किंमत साधारण दहा लाखांच्या घरात.

मारुतीच्या फ्राँक्सचे एक लिटरचे बूस्टरजेट हा मधला मार्ग. शंभर अश्वशक्ती, वजन जेमतेम टनभर, पोट जमिनीपासून बऱ्यापैकी उंच, वर मारुतीचे जाळे. दिसायला ती खेळकर नाही, पण चढावर पिकअप असा आहे की मागच्याला कळत नाही काय झाले. बीडसाठी मला ही निवड सर्वांत कमी डोकेदुखीची वाटते. महिंद्राच्या एक्सयूव्ही थ्रीएक्सओमधले टीजीडीआय इंजिन १३१ अश्वशक्ती आणि २३० न्यूटन मीटर देते. चार मीटरच्या आतल्या गाड्यांत इतका जोर दुर्मीळच. गाडी जडशीळ आहे आणि पेट्रोल भरपूर पिते, पण कच्च्या रस्त्याला घाबरत नाही. सिट्रोएनच्या सी-३ चे ११० अश्वशक्तीचे टर्बो आणि खड्डे गिळणारे सस्पेन्शन यांची जोडी बीडच्या रस्त्यांसाठी घडवल्यासारखी आहे. अडचण एकच, कार्यशाळा दूर. साध्या सेन्सरसाठी गाडी लोडरवर टाकून दुसऱ्या जिल्ह्यात न्यायची तयारी असेल, तरच तिचा विचार करा.

इथून पुढे वही-पेन घ्या. वर्षाला १२ हजार किलोमीटर धरू. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरू. मराठवाड्यात ते मुंबईपेक्षा थोडे महागच असते, आणि शेजारचे परभणी तर महागड्या पेट्रोलसाठी नेहमी बातम्यांत येते. स्विफ्ट घाट-महामार्ग-गाव मिळून १७ चे अॅव्हरेज देईल, एन लाइन मजेत चालवली तर १३ चे. म्हणजे स्विफ्टला वर्षाला सुमारे ७४ हजारांचे पेट्रोल, एन लाइनला ९७ हजारांचे. फरक २३ हजारांचा, महिन्याला दोन हजारांहून कमी.

घसाऱ्याची गोष्ट निराळी. विमा कंपन्यांच्या कोष्टकात गाडीची किंमत पहिल्या सहा महिन्यांनंतर १५ टक्के, दुसऱ्या वर्षी २०, मग ३०, ४० आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के कमी धरतात. साडेसात लाखांच्या स्विफ्टला याच मापाने वर्षाला ७५ हजारांची चाट बसते, दहा लाखांच्या एन लाइनला लाखाची. ही रक्कम कुठल्याच पंपावर मोजून द्यावी लागत नाही, म्हणून ती खर्चात धरायची लोक विसरतात. प्रत्यक्ष बाजारात स्विफ्ट या कोष्टकापेक्षा चढ्या भावाने विकली जाते, आणि हौशी गाडीला गिऱ्हाईक शोधताना थेट पुण्यात जाहिरात द्यावी लागते, हेही जोडा. देखभाल, विमा आणि टायर अंदाजाने मिळवले तर स्विफ्ट वर्षाला १ लाख ८३ हजारांना पडते, एन लाइन २ लाख ४४ हजारांना. किलोमीटरला पंधरा रुपये विरुद्ध वीस रुपये. दोघींतल्या ६१ हजारांच्या फरकात पेट्रोलचा वाटा २३ हजार. उरलेले ३८ हजार घसारा, टायर, विमा आणि कार्यशाळा खातात.

कर्जाचे व्याज यात धरलेलेच नाही. आठ लाख रुपये नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता १६,६०० च्या आसपास बसतो आणि व्याजात १ लाख ९६ हजार जातात. सात वर्षांची मुदत घेतली तर हप्ता १२,८७० वर येतो, म्हणून शोरूममधला विक्रेता तीच पुढे करतो. त्यात व्याज २ लाख ८१ हजार होते. म्हणजे हप्ता हलका करायला ८५ हजार जादा मोजायचे, आणि शेवटची दोन वर्षे अशा गाडीचे हप्ते भरत बसायचे जिची किंमत निम्म्याखाली गेलेली असते. ऊसबिल किंवा कापसाची पट्टी यांवर हप्ता ठरवणाऱ्यांनी तर आणखी जपावे. कारखाना बिल कधी काढील याचा नेम नसतो, बँक मात्र पाच तारखेला हप्ता कापते.

आरटीओचा एकरकमी कर राज्यात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, दहा ते वीस लाखांच्या गाडीला १२ टक्के, डिझेलला अनुक्रमे १३ आणि १४. किंमत दहा लाखांच्या किंचित पुढे सरकली तर सनरूफच्या हौसेपायी कराचीही पायरी चढावी लागते. विम्यात मात्र टर्बो गाडीला एक लाभ आहे, त्याची कोणी दखल घेत नाही. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता इंजिनाच्या आकारावर ठरतो, ताकदीवर नाही. २०२२ च्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७. म्हणजे १२० अश्वशक्तीची एन लाइन सर्वांत स्वस्त गटात, ८२ अश्वशक्तीची स्विफ्ट तिच्या वरच्या गटात, आणि जुनी १८०० सीसीची ऑक्टाव्हिया थेट तिसऱ्यात. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यासाठी देशाचे दोन विभाग धरतात. पुणे-मुंबईसह आठ महानगरे पहिल्यात, बीड दुसऱ्यात, आणि दुसऱ्याचा दर किंचित कमी. पाच वर्षे दावा केला नाही तर नो क्लेम बोनस ५० टक्क्यांपर्यंत जातो. बंपरला आलेल्या ओरखड्यासाठी दावा टाकून तो घालवू नका.

टायरवर थोडे जास्त बोलतो, कारण या जिल्ह्यात हौशी गाडीचा खरा शत्रू तोच खर्च आहे. मे महिन्यात तापलेला सिमेंट रस्ता रबर झिजवतो. हवेचा दाब महिन्यातून दोनदा तरी, सकाळी टायर थंड असताना बघायला हवा. पंधरा इंची साध्या टायरचा संच वीस-बावीस हजारांत येतो, सोळा इंची बुटक्या टायरचा तीस हजारांच्या पुढे, आणि कडक सस्पेन्शनच्या गाडीत तो लवकर संपतो. समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेले अपघात आपण वाचतो. तो रस्ता बीडमधून जात नाही, पण जालन्याला त्यावर चढणारे बीडकर कमी नाहीत. अलॉय मोठे करून टायर आणखी बुटके करणारे हौशी बघितले की हात जोडावेसे वाटतात.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट बीडकरांना विशेष लागू. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येते, आणि त्यातला काही भाग गेवराई-माजलगाव पट्ट्यातल्या उसाचाच असतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या चारचाकींचे अॅव्हरेज त्यामुळे ६ ते ७ टक्के घटेल, असे नोंदवले आहे. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या या इंधनासाठी तयार असतात. जुनी पोलो किंवा पुंटो घेणाऱ्याने रबरी नळ्या आणि इंधनपंप तपासून घ्यावेत.

टोलचा जाच थोडा कमी झाला आहे. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅगचा वार्षिक पास मिळतो. सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या. पाडळशिंगीच्या नाक्यावरून दर आठवड्याला ये-जा करणाऱ्याला तो परवडतो. राज्याच्या रस्त्यांवरचे टोल त्यात येत नाहीत. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडला एकदाची रेल्वे आली, पण तिची धाव अहिल्यानगरपर्यंत, त्यामुळे पुणेकर बीडकराची शनिवारची गरज तिने अजून भागत नाही.

जुन्या गाडीचा पर्याय मी नव्याइतकाच गंभीरपणे घेतो. घसाऱ्याचा मोठा घास पहिल्या मालकाने खाल्लेला असतो. २०२१ ते २३ मधली चार सिलिंडरची स्विफ्ट आजही मिळते, आणि शिकणाऱ्या हाताला तिच्यासारखी शिक्षक नाही. पोलोची एक लिटर टीएसआय, ११० अश्वशक्तीची मॅन्युअल, ही माझी आवडती, पण फोक्सवॅगनच्या कार्यशाळेसाठी संभाजीनगर किंवा पुणे गाठायचे आहे हे गृहीत धरून. आधीच्या जीटी टीएसआयची ऑटोमॅटिक, सात गिअरांची डीएसजी, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तापून आलेली असेल तर सावध. तिच्या मेकॅट्रॉनिक भागाचे बिल लाखाच्या पुढे जाऊ शकते. पन्नास-साठ हजारांनी स्वस्त मिळाली म्हणून आनंदाने आणलेली अशी गाडी गॅरेजात उभी राहते.

कागदपत्रांत फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, जुन्या मालकाच्या नावावरची ई-चलने, इतके तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का ते पाहा, नसेल तर जीएसटी सोडून ७४५ रुपये धरा. पंधरा वर्षांपुढची एस्टीम किंवा जुनी सिटी शौकाने घेणाऱ्याला नोंदणीच्या नूतनीकरणाचे किमान पाच हजार आणि वर पर्यावरण कर भरावा लागतो. मंगळसूत्र मोडून घ्यायची ही गाडी नव्हे, पण दुसरी गाडी म्हणून ती घेणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही.

घेतल्यावर सायलेन्सर बदलायची खाज येतेच. कर्णकर्कश सायलेन्सर बेकायदा आहे, पोलीस तो काढायला लावतात, आणि न कळवलेल्या बदलावरून विमा कंपनी दावा नाकारू शकते. तेच पैसे चांगले ब्रेक पॅड, पूर्ण सिंथेटिक तेल आणि दिवे यांत घाला. नोव्हेंबर ते मार्च उसाच्या दुहेरी ट्रॉल्या रस्त्यावर असतात, बहुतेकांना मागे दिवा नसतो, आणि केज-धारूर भागात रात्री त्या अचानक समोर उभ्या ठाकतात. त्या वेळी पिकअपचा काही उपयोग नाही, ब्रेक आणि दिवेच कामाला येतात. टर्बो गाडी घाट चढून आली की ढाब्यावर इंजिन लगेच बंद करू नये, मिनिटभर चालू ठेवावे. धुळीमुळे हवेचा फिल्टर कंपनी सांगते त्याच्या आधीच बदलावा.

विजेच्या गाडीला पहिल्या क्षणाचा जोर पेट्रोल टर्बोहून जास्त असतो आणि किलोमीटरचा खर्च पेट्रोलच्या पावही नसतो, घरी चार्जिंग असेल तर. टियागो ईव्ही बीड शहरात आणि पन्नास किलोमीटरच्या परिघात मजा देते. पण पुणे-बीड एका दमात मारायचे असेल तर वाटेत थांबून चार्ज करणे आलेच, आणि पाटोदा-जामखेडच्या वाटेवर चार्जर बंद निघाला तर दुसरा जवळ नसतो. तिथे चार-पाच भरवशाचे चार्जर उभे राहिले की हा आढावा नव्याने लिहावा लागेल.

शोरूममध्ये चाचणीसाठी गाडी मागाल तेव्हा शहरातली सपाट फेरी नाकारा. मांजरसुंब्याच्या घाटापर्यंत नेऊ द्या म्हणा, मागच्या सीटवर दोघांना बसवा, एसी चालू ठेवा आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढते का ते बघा. विक्रेता कुरकुर करील, पण महिनाअखेरीला तोच विक्रेता किल्ली स्वतः आणून देतो.